चौथ्या थांब्याची बाटली

पाठीवर चीर होती. मानेखाली सुरू होऊन बरोबर मधोमध गेलेली, सरळ, स्वच्छ. मायक्रोस्कोपखाली ती इतकी ठळक दिसत होती की मला आधी वाटलं, माझ्याच हातून चिमटा लागला असेल. म्हणून किड्याचं दुसरं पिल्लू घेतलं. त्यालाही चीर. तिसऱ्यालाही. मग मी दाराला आतून कडी लावली, बाटलीतली सगळीच्या सगळी काचेच्या बशीत ओतली आणि एकेक सुईने उलटंपालटं करत राहिलो. तेवीस होती. तेविसांच्या पाठीवर चीर, पोटात काही नाही, डोळ्यांच्या जागी पातळ पापुद्रा. सहा पाय होते, शेपटीचे तंतू होते, कडेचे कल्लेसुद्धा जागच्या जागी होते. आत कोणी नव्हतं. माझं वय साठ. त्यातली चौतीस वर्षं पेणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. आणि या टाकून दिलेल्या काती मी नोव्हेंबरात जिवंत किडे म्हणून मोजल्या होत्या. मोजल्या, त्यांना गुण दिले आणि खाली सही केली, महादेव टिपणीस, तारखेसकट.

तो मंगळवार होता. महिनाअखेर मी निवृत्त होणार, म्हणून प्रयोगशाळेचा चार्ज देणं चाललं होतं. आमच्याकडे बरण्या, सांगाडे, मोडके मायक्रोस्कोप अशा सगळ्याची नोंद डेडस्टॉक नावाच्या रजिस्टरात असते. बरणीतला बेडूक आणि लाकडी स्टूल तिथे एकाच पंगतीला बसतात. नवीन आलेल्या बाई रजिस्टरातलं नाव वाचत होत्या आणि मी कपाटातून ती ती वस्तू काढून दाखवत होतो. कुंडलिकेच्या पाहणीतल्या चौथ्या थांब्याची बाटली नुसती दाखवून पुढे जायचं होतं. पण मला हौस. बाईंना म्हटलं, थांबा, हे बघण्यासारखं आहे, मेलेल्या नदीत मेफ्लाय परत आल्याचा हा पुरावा. मेफ्लाय म्हणजे पिल्लूपणी स्वच्छ पाण्यात दगडाखाली राहणारा आणि पंख फुटले की कात टाकून उडून जाणारा किडा. दिवा लावला, बशीत तीन पिल्लं घेतली, आणि त्यांना दाखवायच्या आधी स्वतः डोळा लावला. नोव्हेंबरात मी ती साध्या भिंगातून पाहिली होती, तीही घाईत, ट्यूबलाइट लुकलुकत असताना. आता दिवा चांगला होता. बाई शेजारी उभ्या राहून वाट बघत होत्या. ‘काय दिसतंय सर?’ ‘काही नाही, बुरशी धरलीय,’ मी म्हणालो आणि दिवा बंद केला. त्या डबा खायला गेल्या तेव्हा मी बाकीची वीस पाहिली. खिडकीबाहेर समोरच्या कारखान्यात गणपतींना रंग चढत होता, कॉम्प्रेसरचा आवाज येत होता, आणि माझ्या बोटांना अल्कोहोलचा वास सुटला होता. तो वास मला आयुष्यभर आवडत आला. त्या दिवशी मी हात दोनदा साबणाने धुतले.

पाण्याची परीक्षा पाण्याला विचारून होत नाही, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचो. बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या घटकेचं असतं. कारखान्याने नाला पहाटे सोडला आणि तुम्ही दुपारी बाटली भरली तर पाणी साळसूदपणे स्वच्छ निघतं. तळातल्या दगडाखाली राहणारे किडे मात्र कालही तिथेच होते आणि परवाही. जे काही वाहून गेलं ते त्यांच्या अंगावरून गेलं. तेव्हा साक्षीदार हवा तर तो दगडाखाली शोधा. जाळी प्रवाहात धरायची, तिच्या समोर पायाने तळ ढवळायचा, जे जाळीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून निवडायचं, आणि प्रत्येक कुळाला ठरलेले गुण द्यायचे. ज्याला जरासुद्धा घाण सोसत नाही त्याला दहा. चिखलात प्राणवायू संपला तरी मजेत राहणाऱ्या लाल अळ्यांना दोन, त्यांच्याहून निगरगट्ट किड्यांना एक. सगळ्यांची सरासरी काढली की नदीची तब्येत कळते. कोंडपाड्याच्या चौथ्या थांब्यावर लाल अळ्या, चिखलातले किडे, जळवा आणि गोगलगाई होत्या. सरासरी सव्वादोन, म्हणजे नदी खाटेला खिळलेली. त्यात मेफ्लायची दहा-दहा गुणांची दोन कुळं आली आणि सरासरी एकदम पावणेपाचाच्या वर गेली. मी लिहिलं, पाणी मध्यम प्रतीचे, सुधारणेची स्पष्ट चिन्हे. ‘स्पष्ट’ हा शब्द मी नंतर पेनाने घातला होता. कच्च्या प्रतीत तो अजून दिसतो.

कोंडपाडा रोह्याच्या वरच्या अंगाला आहे, कारखान्यांचा नाला कुंडलिकेला मिळतो तिथून अर्धा मैल खाली. पंधरावीस घरं, बहुतेक आगरी. त्या दिवशी आमची गाडी नागोठण्याला पंक्चर झाली, सकाळचे तीन थांबे रेंगाळले, आणि चौथ्याला पोचेपर्यंत दुपारचे अडीच वाजले. पुतळीबाई काठावर भांडी घासत होत्या. कमळाकर म्हात्रे म्हणून तिथले एक शेतकरी, त्यांच्या या पत्नी. नदीच्या प्रत्येक खेपेला आम्हा सगळ्यांना चहा पाजणाऱ्या. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सर, आता नका उतरू. वरचा पानी आयलाय. आता जा गावंल ता आमचा नाय.’ वरच्या वीजकेंद्रातून रोज सकाळी पाणी सोडतात. कोलाडला त्यावर पोरं रबरी होड्या हाकतात, आणि तेच पाणी दुपारी कोंडपाड्याला पोचतं, नदी वीतभर चढते, काठाने पांढऱ्या फेसाची ओळ येते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण परत यायला दुसरा दिवस काढावा लागला असता आणि जाळी हातात होती. मी त्यांना हसून म्हणालो, ‘बाई, किडे काय पाहुणे आहेत, वरून यायला?’ किडे नव्हतेच आले. वरच्या स्वच्छ पाण्यात मोठे होऊन, पंख फुटून ते उडून गेले होते, आणि त्यांनी टाकलेल्या काती फेसाबरोबर आठदहा मैल वाहत येऊन माझ्या जाळीत बसल्या होत्या. भांडी घासणाऱ्या बाईला जे कळलं ते मला पीएच.डी. करून कळलं नाही, असं लिहायला आता बरं वाटतं, त्यात एक प्रकारचा मोठेपणाही आहे. खरं तर मला त्यांचं ऐकायचं नव्हतं.

दिपिका ट्रेपाशी बसली होती. तिसऱ्या वर्षाची, हुशार, फार बोलायची नाही. तिने ड्रॉपरने पिल्लं वेगळी काढली आणि म्हणाली, ‘सर, ही हलत नाहीयेत.’ मी म्हणालो, ‘सकाळपासून पाण्यात राहिलीस तर तूसुद्धा हलणार नाहीस.’ सगळी पोरं हसली. तीही हसली आणि तिने ती बाटलीत टाकली. माझ्या तासाला पोरं हसायची, त्याचा मला अभिमान होता. त्या मंगळवारी घरी चालत येताना मी ते वाक्य पुन्हापुन्हा उलगडून बघितलं. ही हलत नाहीयेत, हे ऐकल्यावर शिक्षकाने काय करायचं असतं? खाली वाकायचं असतं. मी वाकलो होतो का? ट्रेचा पांढरा तळ आठवतो, त्यावर तिच्या बोटांची सावली आठवते, पुढे काहीच नाही. कधी वाटतं मी पाहिलंच नाही. कधी वाटतं, पाहिलं, एक क्षणभर ती पारदर्शक पाठ डोळ्यांत शिरली आणि मी विनोद करून तिला बाहेर घालवलं. कारण मला मेफ्लाय हवी होती. पंचवीस वर्षं मी या नदीची उतरती गुणपत्रिका लिहीत आलो, दर वर्षी एक कूळ कमी, आणि सभांमधून, परिषदांमधून ‘रडके टिपणीस’ म्हणून लोक मागून हसायचे. एकदा तरी मला चांगली बातमी द्यायची होती. माणूस लाचखाऊ असला तर त्याला निदान कोणी तरी काही तरी दिलेलं असतं. मला कोणी काही दिलं नाही. मी आशेवर विकला गेलो, आणि ती आशाही माझीच.

हा अहवाल कपाटात पडून राहिला असता तर मी आज इतकं लिहिलं नसतं. कितीतरी अहवाल पडून आहेत. पण त्याची एक प्रत कमळाकर मागून घेऊन गेले. त्यांचा मुलगा निलेश कंपनीत कंत्राटावर शिफ्टला जातो. त्याची बायको ऋतुजा पेणजवळच्या जिते गावची. पेणला आमच्याकडे एक वर्ष होती, पहिल्या वर्षानंतर लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. तिसऱ्या बाकावर बसायची. आकृती काढताना रेघ न उचलता काढायची, म्हणून मी तिची वही वर्गात फिरवली होती. कोंडपाड्याला तिचं पहिलं बाळंतपण पाचव्या महिन्यात गेलं. काठावरच्या विहिरीचं पाणी पिऊन झालं, असं तिचं म्हणणं. त्या पाण्यावर मी राहणार नाही, असं सांगून ती जित्याला माहेरी निघून गेली ती सात महिने आली नाही. समजूत घालायला गेले त्यांना तिने एकच उत्तर दिलं, पाणी बरं झालंय असं जाणत्याने लिहून दिलं तर येते. जानेवारीत मला कमळाकरांचा फोन आला. ‘सर, तुमचा कागद घेवनशी जित्याला गेलतू. तिनं सही बघितली. आमचे सरांची सही हाय, बोलली, आनि बॅग भरली. आयली बगा घरी.’ त्यांच्या आवाजात रडू होतं. मी त्यांना म्हणालो, अहो, मी पिण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, उकळून घ्या. पण हे मी हसत हसत म्हणालो, आणि तो दिवसभर मला आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटत राहिलं. बायकोला, विमललाही सांगितलं. ती म्हणाली, ‘बघा, तुमच्या किड्यांनी संसार जोडला.’ एप्रिलमध्ये कमळाकरांनी पेढे आणून दिले. ऋतुजाला दिवस गेले होते, पाचवा लागला होता.

म्हणजे मंगळवारी, कडी लावलेल्या प्रयोगशाळेत, ती आठव्यात होती. हे मी तिथल्या तिथे बोटांवर मोजलं. एप्रिलला पाचवा, मे सहावा, जून सातवा. आपण प्राणिशास्त्राची माणसं, गर्भाचा कुठला अवयव कुठल्या आठवड्यात होतो हे पाठ असतं. फोन खिशात होता. कमळाकरांचं नाव ‘क’मध्ये पहिलंच. सांगायचं काय होतं? कागद चुकीचा आहे, ते पाणी देऊ नका, तिला जित्याला पाठवा. तीन वाक्यं. ती मी त्या दिवशी सांगितली नाहीत. कारण मी स्वतःला म्हणालो, पुन्हा एकदा तपासू, घाईने एक चूक झाली, घाईने दुसरी नको. बुधवारी पुन्हा तपासलं. चीर होतीच. गुरुवारी म्हणालो, सात महिने जे पाणी पोटात गेलं त्यात आता दोन दिवसांनी काय फरक पडतो? शुक्रवारी म्हणालो, पावसाळ्यात नदीला पूर आहे, सगळं पातळ झालं असेल. शनिवारी म्हणालो, पहिलं मूल पाण्याने गेलं हे तरी कुठे सिद्ध झालंय? माझ्यासारख्या माणसाला कारणं शोधायला बाहेर जावं लागत नाही. चौतीस वर्षं मी विद्यार्थ्यांना हेच शिकवलं, निष्कर्षाची घाई करू नका. आणि प्रत्येक कारणाच्या मागे दुसरं एक कारण बसलेलं होतं, ते मला नीट दिसत होतं: पुढच्या शनिवारी माझा सत्कार होता.

सत्काराची सगळी तयारी विमलच्या अंगावर. ती शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिच्या हाताला असं काम मिळालं नव्हतं. पुण्याहून मुलगी, ईरा, येणार होती. कॉलेज स्मरणिका काढणार होतं आणि तिच्यात पहिला लेख माझा, ‘कुंडलिका सावरते आहे’. छापून आलेली प्रत मुख्याध्यापकांच्या थाटात प्राचार्यांनी घरी पाठवून दिली. विमलने तो लेख मोठ्याने वाचून दाखवला. मी जेवत होतो. ‘चौथ्या थांब्यावर मेफ्लायची पिल्ले दिसली तेव्हा मला एखादा दुरावलेला नातेवाईक दारात उभा असल्यासारखे वाटले,’ ती वाचत होती, ‘किती छान लिहिलंय हो.’ मी आणखी भात वाढून घेतला. तेव्हा तिला सांगता आलं असतं. ती तडक म्हणाली असती, चला, आत्ता निघा. म्हणून तर नाही सांगितलं. मला माझी बायको ठाऊक आहे, तिने ऐकल्यावर माझ्या कारणांना जागा उरली नसती. रात्री नीट झोप येत नव्हती असं लिहिलं तर शोभेल, पण झोप येत होती. भूकही लागत होती. नवीन कोट शिवायला टाकला होता तो आणायलाही मी स्वतः गेलो, आणि बाह्या जरा लांब झाल्या म्हणून शिंप्यावर चिडलो.

त्या शनिवारी सभागृह भरलं. जुने विद्यार्थी कुठून कुठून आले. एक खांब गावाहून नुसता पाया पडायला आला आणि लगेच गेला. दिपिका पहिल्या रांगेत होती, आता मुंबईला एम.एस्‌सी. करते. तिने भाषणात तोच किस्सा सांगितला, ‘सर म्हणाले, तूसुद्धा हलणार नाहीस.’ सगळे हसले. मीही हसलो. शाल गरम होत होती. मी स्टेजवरून कमळाकरांना शोधत होतो. त्यांनी यायचं कबूल केलं होतं, सुनेला घेऊन येतो, बाळंतपणाआधी एकदा सरांच्या पाया पडू दे तिला, असं म्हणाले होते. दाराशी एक पिवळी साडी दिसली की मी मान खाली घालून शालीचा काठ नीट करायचो. ते आले नाहीत. शेवटपर्यंत आले नाहीत, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, उकाड्यात पंख्याखाली जाऊन बसल्यासारखं. प्राचार्य नदी सावरण्याबद्दल बोलले. मला उत्तराचं भाषण करायचं होतं. ते मी पाठ केलं होतं आणि पाठ केलेलंच म्हटलं. फक्त मेफ्लायचं वाक्य गाळलं. ते गाळलेलं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी मात्र स्वतःला त्याचे गुण देऊन टाकले.

सोमवारी सकाळी मी रोह्याची एसटी पकडली. विमलला सांगितलं, कॉलेजचं राहिलेलं काम आहे. बाटली शर्टाच्या खिशात होती, वरून रुमाल. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी गढूळ आणि फुगलेलं, दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर उचलत होते. भिसे खिंडीत धुकं होतं, ड्रायव्हर दर वळणाला हॉर्न देत होता आणि मी वाक्यं जुळवत होतो. आधी चूक सांगायची की आधी ‘जित्याला पाठवा’ म्हणायचं? शास्त्रीय भाषेत सांगितलं तर कळणार नाही, साध्या भाषेत सांगितलं तर फारच कळेल. रोह्याहून रिक्षाने कोंडपाड्याच्या फाट्याला उतरलो. नाल्याचा वास पावसातही येत होता, गोडसर, घशात बसणारा. त्या वासातून मी नोव्हेंबरात गेलो होतो आणि तरीही वर ‘मध्यम’ लिहिलं होतं. माणसाला नाक दिलेलं असतं, त्याचे गुण कोणत्याच तक्त्यात नसतात.

पुतळीबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी छत्री मिटली. त्या म्हणाल्या, ‘सर, पोर गेला.’  त्या सांगत राहिल्या, सपाट आवाजात, हे आधी पुष्कळांना सांगून झालेलं होतं. ‘बुधवारी बोलली, आई, हालत नाय. गुरुवारी दवाखान्यात नेला. आतच गेलता. मुलगा व्हता, सर. केस व्हतं डोक्याव.’ कमळाकर औषधं आणायला रोह्याला गेले होते. निलेश कामावर. ‘चार दिस झालं, शिफ्ट काय थांबत नाय.’ गुरुवार. मी मंगळवारपासून पुढे मोजत आलो. तो गुरुवार दहावा दिवस होता. त्या दिवशी मी शिंप्याकडे होतो.

तिथूनही परत फिरता आलं असतं. दुःखाला आलेला माणूस दोन शब्द बोलून उठतो, त्याला कोणी अडवत नाही. पाण्यानेच झालं असं कोणी सांगू शकणार नाही; डॉक्टर नाही आणि मीही नाही. पण पाय उचलेनात, आणि मला वाटतं तेवढीच एक गोष्ट माझ्या बाजूने सांगता येईल. मी खिशातली बाटली काढली. म्हणालो, ‘बाई, माझी चूक झालीय. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, वरचं पाणी आलंय, ते खरं होतं. हे इथले किडे नव्हते. किडे नव्हतेच.’ पुतळीबाईंनी बाटली घेतली, आकाशाकडे धरली, एक डोळा मिटला. आयुष्यभर खाडीकाठच्या खाजणातून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणारी बाई. कात टाकलेली आणि भरलेली त्या हातात घेतल्याबरोबर ओळखतात. ‘ही त रिकामी हायत,’ त्या म्हणाल्या. ‘सगली रिकामी हायत की, सर.’ त्यांना भिंग लागलं नाही.

आतल्या दाराच्या चौकटीला धरून ऋतुजा कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. कानाला घट्ट ओढणी बांधलेली, चेहरा सुजलेला, पावलं मोज्यांत. सासू म्हणाली, ‘वाऱ्यात कशाला आयलीस गो पोरी, पड जा.’ ती गेली नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी तिला; आणि विचित्र म्हणजे माझा आवाज तासावरचा झाला. पाठीवरची चीर, फेसाची ओळ, सव्वादोन, पावणेपाच. ती नीट ऐकत होती. ती नेहमीच नीट ऐकायची. मधेच तिने हात पुढे केला, पुतळीबाईंनी बाटली तिला दिली. तिने ती तिरकी केली तशा काती अल्कोहोलमध्ये एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेल्या. ‘म्हणजे माझं बरोबर होतं,’ ती म्हणाली. ‘तेव्हा मी जित्याला गेले ते.’ मी म्हणालो, हो. ‘मला सगळे वेडी म्हणाले.’ हो, मी म्हणालो. ‘मग तुमची सही बघितली.’ 

पाऊस पत्र्यावर वाजत होता. पुतळीबाई तोंडाला पदर लावून मुकाट रडायला लागल्या. ऋतुजा रडली नाही. ती बाटलीवरचं लेबल वाचत होती, माझ्या अक्षरातलं, चौथा थांबा, तारीख, वेळ. मग तिने वर बघितलं. मला माहीत होतं ती काय विचारणार. चांगला विद्यार्थी निरीक्षण विचारत नाही, वेळ विचारतो. हेही मीच शिकवलेलं.

‘हे तुम्हाला कधी कळलं, सर?’

मंगळवार. तेरा दिवस. तिने नुसतं बोटांवर मोजलं असतं तरी गुरुवार त्यांच्या आत सापडला असता. माझ्या तोंडात मंगळवार हा शब्द तयार होता. मी तिच्याकडे बघितलं, त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे, आणि मला भीती वाटली. दुसरं कुठलं मोठं नाव त्याला देता येणार नाही. साठ वर्षांच्या माणसाला एकवीस वर्षांच्या मुलीची भीती वाटली.

‘काल,’ मी म्हणालो.

तिने बाटली माझ्या हातात परत दिली. झाकण सैल झालं होतं, ते आधी घट्ट बसवून दिली.

‘मग तुमची काय चूक, सर,’ ती म्हणाली. ‘कळल्याबरोबर आलात ना.’

मी हो म्हणालो.